सॉल्ट रोडमधली चूक

लायल हाल्व्हरसनने आयुष्यात फार कशावर श्रद्धा ठेवली नाही. चर्च त्याने मिसरूड फुटायच्या आत सोडलं, सरकारला तो पहिल्यापासून शिव्याच घालत आला, आणि संसार म्हणाल तर तो त्याच्या बायकोने, मार्सीने, सोडला. उरला एकच देव, तो म्हणजे हॉलो फेरी नावाचा चार जणांचा बँड. त्यांच्यामागे लायलने तिशी घालवली, चाळिशी घालवली, आता पन्नाशीही सरत आली होती. घरं गरम ठेवणाऱ्या फर्नेसची दुरुस्ती हा त्याचा धंदा. तो चालतो हिवाळ्यात आणि बँड दौऱ्यावर निघतो उन्हाळ्यात, त्यामुळे पोट आणि देव यांची कधी टक्कर झाली नाही. टक्कर झाली ती घरच्यांशी.

हॉलो फेरीच्या माणसांना एकदा विचारून बघा, तुम्ही तीच ती गाणी ऐकायला गावोगाव का भटकता? ते तुमच्याकडे कीव आल्यासारखे बघतात. तीच गाणी नसतातच ती. चार मिनिटांचं गाणं स्टेजवर अर्धा तास चालतं. मधेच कुठेतरी वाट सोडून चौघं रानात शिरतात, आणि तिथून पुढे काय होणार हे त्यांचं त्यांनाही माहीत नसतं. आज जे वाजेल ते पुन्हा कधीच वाजणार नाही. तुम्ही त्या रात्री तिथे नसलात तर गेलं ते, संपलं. सगळा पंथ या एका समजुतीवर उभा आहे, आणि लायल त्यातला सर्वांत कडवा.

इतका कडवा की त्याने एक नेम धरला होता. दुपारी बँड स्टेजवर येऊन आवाजाची जुळवाजुळव करतो, थोडं वाजवतो. त्याला साउंडचेक म्हणतात. ते कुंपणावरून पार्किंगच्या मैदानात छान ऐकू येतं, आणि लोक खुर्च्या टाकून, बिअर उघडून फुकटात ऐकतात. लायल नाही. ड्रमवर पहिली काठी पडली की हा गाडी काढून गावात बर्फ आणायला जाणार. नैवेद्य दाखवायच्या आधी त्याला तोंड लावायचं नाही, असला प्रकार. मित्र हसायचे. गस पावलोव्स्की तर म्हणायचा, लायलच्या सोवळ्यावर गावातले बर्फवाले बंगले बांधतील. हा गस म्हणजे मिलवॉकीचा टेपवाला, लायलचा जुना दोस्त. बँडची परवानगी असल्यामुळे काही लोक मायक्रोफोनचे उंच दांडे लावून दर कार्यक्रम ध्वनिमुद्रित करतात आणि एकमेकांना फुकट वाटतात, त्यातला हा. 

तर त्या जुलैत, विस्कॉन्सिनमधल्या त्या टेकडीवर, लायल पहिल्यांदाच एकटा आला नव्हता. त्याची मुलगी ब्रिटा त्याच्याबरोबर होती.

ब्रिटा मॅडिसनला नर्स होती. चार वर्षांपूर्वी तिला पदवी मिळाली तेव्हा समारंभात बापाची खुर्ची रिकामी होती. लायल कोलोरॅडोत डोंगरावर हॉलो फेरी ऐकत होता. आदल्या दिवशी त्याने फोन केला होता आणि काय म्हणावं या माणसाने? म्हणाला, तुझी पदवी कुठे पळून जात नाही, ती भिंतीवर जन्मभर राहील, पण ही रात्र परत यायची नाही. तू एकदा येऊन बघ, मग तुला कळेल. ब्रिटा म्हणाली, "बरं." त्यानंतर वर्षातून एकदा नाताळचं कार्ड यायचं, त्यावर नुसती सही.

लायलला याचं वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण त्याच्या मनात एक पक्कं बसलं होतं की आपण चुकलो नाही, फक्त समजावून सांगता आलं नाही. कारण त्या कोलोरॅडोच्या रात्री खरोखरच काहीतरी घडलं होतं. सॉल्ट रोड नावाच्या गाण्यात, रानात खोल शिरल्यावर, गिटारवाला एमॉस चुकला. साफ चुकला. एक भलताच सूर लागला, तो थांबला, ड्रमवाला हसला, हजारो माणसं श्वास धरून उभी राहिली. आणि मग एमॉसने तोच चुकलेला सूर पुन्हा वाजवला, पुन्हा वाजवला, आणि त्यातूनच एक दार उघडलं. लायल लहान मुलासारखा रडला होता. चुकलेला माणूस चुकीतूनच घरी पोचतो हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि ते पोरीला दाखवायचं राहून गेलं एवढीच त्याची खंत होती.

आणि या वसंतात ब्रिटाचा फोन आला. ऑक्टोबरमध्ये ओवेन नावाच्या मुलाशी ती लग्न करत होती. चर्चमध्ये नवरीला तिचा बाप हाताला धरून वेदीपर्यंत नेतो. त्या वाटेवर तिच्याबरोबर चालत जायला सावत्र बाप, रे, एका पायावर तयार होता. "मी रेला अजून हो म्हटलं नाही," ती म्हणाली. "नाहीही म्हटलं नाही. आधी मला बघायचंय, तू इतकी वर्षं कशाकडे जात होतास ते. एकदा घेऊन चल."

लायलने फोन ठेवला आणि तळघरात जाऊन एकटाच नाचला.

दुपारी दोघं मैदानात पोचली. लायलने तिला सगळ्यांना दाखवत फिरवलं. तव्यावर लोण्यात चीज सँडविच भाजणारी म्हातारी, रंगीत शर्ट विकणारं जोडपं, एक बोट वर करून कोणी फुकट तिकीट देतंय का म्हणून मुकाट फिरणारे लोक. ब्रिटा आदल्या रात्रीची पाळी करून आली होती, तरी हसत होती. गसने तिच्याशी हात मिळवला आणि म्हणाला, तुझ्या बापाला आम्ही पोप म्हणतो, फक्त त्याचं लग्न झालं होतं एवढाच फरक. लायलला पोरीसमोर हा विनोद आवडला नाही, पण तो हसला.

तेवढ्यात कुंपणापलीकडे ड्रमवर काठी पडली. लायल ताडकन उठला.

"बर्फ संपलाय," तो म्हणाला. "येतेस?"

"नको, बाबा. पाय गेलेत माझे. मी बसते इथेच."

नेमाचं तिला सांगायला त्याला लाज वाटली. नाहीतरी पोरगी त्याला अर्धवट समजतेच, त्यात आणखी भर कशाला? तो गेला, आणि गावात पेट्रोलपंपाच्या फ्रीजसमोर उगाच अर्धा-पाऊण तास रेंगाळला. परत आला तेव्हा पलीकडे शांत झालं होतं. ब्रिटा खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती आणि तिचा चेहरा सैल झाला होता. कितीतरी वर्षांनी त्याने तिला अशी बघितली.

"किती छान वाजवतात रे," ती म्हणाली. "तू नेमका नव्हतास."

पुढचं काही त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर नेम मोडला असता.

संध्याकाळी ऊन टेकडीवरून उतरत असताना बँड आला. पहिला भाग बरा झाला, म्हणजे लायलच्या भाषेत नुसताच बरा. मध्यंतरात ब्रिटाने त्याच्या कोपरात हात अडकवला. ओवेनला नाचता येत नाही म्हणाली, पण लग्नात मी त्याला ओढणार आहे, आणि तुलाही. लायलने त्या 'तुलाही'ला धरून मनातल्या मनात ऑक्टोबरपर्यंतचा सगळा प्रवास करून टाकला. नवा सूट घ्यावा लागणार होता. जुन्यात पोट मावत नव्हतं.

मध्यंतरानंतर अंधारात चौघं परत आले आणि एमॉसने सॉल्ट रोडचे पहिले सूर छेडले.

टेकडी गरजली. लायलने पोरीचा हात घट्ट धरला. देव आहे, त्याला वाटलं, आणि तो हिशेब चुकता करतो. त्याच गाण्याने लेक नेली होती, तेच गाणं तिला परत आणत होतं. दोन कडवी झाली, मग शब्द संपले, आणि चौघांनी हळूहळू वाट सोडली. आजूबाजूच्या लोकांनी डोळे मिटले. लायल तिच्या कानाशी वाकला.

"आता बघ. इथून पुढे काय होणार, त्यांनाही माहीत नाही."

ब्रिटाच्या डोळ्यांत खोडकर हसू आलं. लहानपणी पाठ झालेली गोष्ट ऐकताना यायचं तसंच. "मला माहीत आहे," ती म्हणाली. "आता तो ढोलवाला एकटाच वाजवेल."

गिटार थांबली. ड्रमवाला एकटाच वाजवू लागला.

लायल हसला. योगायोग. "वा," तो म्हणाला.

"आता गिटार येईल, अगदी हळू. आणि मग तो चुकेल, बाबा. तेच मला फार आवडलं. थांब हं." तिने बोट वर केलं आणि वाट बघितली. "आता."

एमॉस चुकला. भलताच सूर लागला. तो थांबला, ड्रमवाला हसला, टेकडीवरच्या हजारो माणसांनी श्वास धरला. लायल सोडून. त्याचा श्वास धरायलाही जागेवर नव्हता.

"तुला कसं कळलं?"

"दुपारी वाजवलं की त्यांनी." तिला यात काहीच विशेष वाटलं नव्हतं. गाणं म्हटल्यावर ते वाजवणाऱ्यांना पाठ असणारच, शहाणी माणसं असंच समजतात. "तू बर्फ आणायला गेलास, तुझं बिचाऱ्याचं हुकलं, म्हणून मी फोनवर घेऊन ठेवलंय तुझ्यासाठी. घरी गेल्यावर देणार होते."

तिने फोन काढला आणि इयरफोनचं एक बोंड त्याच्या कानात घातलं. एका कानात दुपार, एका कानात रात्र. दुपारच्या कानात एमॉस हळूच आला, चुकला, थांबला. ड्रमवाला हसला. ते हसणंसुद्धा तसंच, आधी नाकातून आणि मग मोठ्याने. मग तोच सूर पुन्हा, पुन्हा, आणि दार उघडलं. रात्रीच्या कानात दार आत्ताच उघडून झालं होतं आणि टेकडी रडत होती.

गाणं घोटलेलं असतं तर लायलने गिळलं असतं. माणसं म्हातारी होतात, हात थकतात. पण यांनी चूक घोटली होती, आणि ओळखू येऊ नये म्हणून दर कार्यक्रमाला नवी. हरवणं बसवलं होतं, हसू बसवलं होतं, आणि खाली उभ्या असलेल्या माणसांचं रडणं हिशेबात धरलं होतं. लायलला आधी काही कळेनासं झालं आणि मग इतका अपमान वाटला की त्याचे कान तापले. बायको गेली तेव्हासुद्धा त्याला आपण असे मूर्ख ठरलो असं वाटलं नव्हतं.

बोंड काढून त्याने पोरीच्या हातात दिला आणि तो गर्दीतून वाट काढत निघाला. त्याचा चेहरा बघून ब्रिटा घाबरली आणि मागोमाग गेली.

टेपवाल्यांची जागा टेकडीच्या मध्यावर, दोरी लावून वेगळी केलेली असते. मायक्रोफोनचे दांडे तिथे मक्यासारखे दाटीने उभे असतात. त्या दोरीच्या आत बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही, गाणं तर मुळीच म्हणायचं नाही, कारण सगळं टेपवर जातं आणि कायमचं राहतं. हा नियम लायलने कित्येक नवशिक्यांना दटावून शिकवला होता. एकदा खोकला आला म्हणून एका भल्या माणसाला त्याने बाहेर काढलं होतं.

गस कानांवर हेडफोन घालून आपल्या यंत्रावर वाकला होता. लायलने त्याचा खांदा धरून वळवलं, फोनकडे बोट दाखवलं, मग स्टेजकडे. गसने ब्रिटाच्या हातातला फोन बघितला, लायलचा चेहरा बघितला, आणि हेडफोन काढले. त्याला आश्चर्य वाटलं नाही. लायलला सगळ्यात आधी दिसलं ते हेच.

गसकडे साउंडचेकच्या टेपा होत्या. कोणत्याही टेपवाल्याकडे असतात. लायलने त्या कधी मागितल्या नव्हत्या आणि कोणी त्याला कधी देऊ केल्या नव्हत्या, आणि आपल्या नेमाचा मान राखतात म्हणून तो इतकी वर्षं या लोकांचे उपकार मानत आला होता. बाजूचे दोघं-तिघं टेपवाले आता त्याच्याकडे बघत होते आणि बघून नजर वळवत होते. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. सगळ्या पंचक्रोशीला माहीत होतं, फक्त पोपला सोडून.

स्टेजवर गाणं अगदी मंद झालं होतं, गवतातले किडे ऐकू यावेत इतकं. आणि लायल हाल्व्हरसन दोरीच्या आत उभा राहून, साध्या रोजच्या आवाजात बोलला.

"कोलोरॅडोलाही?"

गसने ओठांवर बोट नेलं, मग ते खाली घेतलं. त्याने मान हलवली. हो, कोलोरॅडोलाही.

ब्रिटाला टेपांचं, नेमाचं काही ठाऊक नव्हतं. पण कोलोरॅडो हा शब्द तिला ठाऊक होता. तो शब्द चार वर्षं तिच्या घशात अडकला होता. तिने गसकडे बघितलं, फोनकडे बघितलं, आणि मग बापाकडे. तिचा आवाज चढला नाही. रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलताना नर्सचा असतो तितकाच तो स्वच्छ होता.

"म्हणजे तू माझ्या समारंभाला येऊ शकला असतास."

लायलकडे उत्तरं होती. त्या रात्री मला माहीत नव्हतं, हे एक. मलाही फसवलं, हे दुसरं, आणि ते खरंही होतं. पण पोरीच्या तोंडाकडे बघताना त्याला कळलं की एकदाच घडून परत न येणारी गोष्ट त्या दिवशी एका कॉलेजच्या हिरवळीवर घडत होती, तिथे खुर्च्या मांडलेल्या होत्या, आणि एक त्याच्या नावाची होती.

"हो," तो म्हणाला.

वर एमॉसने शेवटचं कडवं सुरू केलं आणि टेकडी नाचायला लागली.

कार्यक्रम संपेपर्यंत ती दोघं थांबली नाहीत. मैदानात गाडीपाशी गस धापा टाकत येऊन पोचला. यंत्र चालू सोडून तो कधी कुठे गेला नव्हता. "सांगून काय मिळालं असतं रे?" तो म्हणाला. "तू यायचं सोडलं असतंस. तू रडायचास ना, लायल, ते बघून आम्हाला वाटायचं की असेल बुवा काहीतरी. आमच्यात हे खरं मानणारा तू तेवढा एकच उरला होतास."

म्हणजे बँडने दार दाखवून फसवलं, आणि दोस्तांनी त्याचं रडणं बघण्यासाठी. लायलने गाडीचं दार उघडलं. "माझी पोरगी होती, गस," एवढंच तो म्हणाला.

परतीच्या रस्त्यावर दोन्हीकडे मका होता. मॅडिसनचे दिवे दिसायला लागल्यावर ब्रिटा म्हणाली की पदवीच्या दिवशी रेने तिचा फोटो काढला होता, तो हललेला आला, पण तिने टाकला नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "रेच चालेल माझ्याबरोबर. तू ये मात्र."

"येईन."

"लग्नाच्या दिवशी शिकागोला तुझ्या लोकांचा जादा कार्यक्रम आहे. बघितलंय मी."

"येईन म्हटलं ना, बाळा."

आणि तो गेला, नवा सूट घालून, दुसऱ्या रांगेत मार्सीच्या बहिणीशेजारी बसला. रे चालला. चांगला चालला, घाई न करता. खोट काढायला त्याने तेवढीही जागा ठेवली नाही म्हणून लायलने त्याचा मनापासून राग केला, आणि नंतर त्याला बिअर पाजली.

त्या टेकडीवरच्या रात्रीची गसची टेप आता सगळ्यांकडे आहे. हॉलो फेरीचा त्या उन्हाळ्यातला सगळ्यात गाजलेला सॉल्ट रोड. लोक तक्रार करतात की ऐन मंद जागेवर दोरीच्या आत कोणीतरी गप्पा मारतंय. एक पुरुष काहीतरी विचारतो, कोणी उत्तर देत नाही. मग एक मुलगी एक वाक्य बोलते, आणि तोच पुरुष हो म्हणतो. तेवढं कापून टाक, असं गसला कितीतरी जणांनी कळवलं. त्याने कापलेलं नाही. लायलने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं, पण तेवढ्यासाठी फोन करून सांगितलं होतं की राहू दे.